तरंगलेलं बी

माझी माय डांगराचं, लाल भोपळ्याचं, बी भिंतीवर ठेवायची. म्हणजे शेणाच्या गोळ्यात बी दाबायचं, गोळा परसातल्या भिंतीवर थापायचा अन् वर्षभर वाळू द्यायचा. कीड लागत नाही. लावायच्या आधी ती ते बी ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवायची. मोड आला की मगच मातीत. हे डांगर तिनं जळगाव जामोदकडच्या माहेराहून आणलेलं. माहेरचं माणूस आता एकही उरलं नव्हतं, तेवढं डांगरच होतं.

आणि मी? मी नांदुऱ्याला सातवीच्या पोरींना विज्ञान शिकवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ती मीच.

त्या वर्षी टीव्हीवर प्रयोगांचा एक कार्यक्रम लागायचा. मला त्याचं भारी वेड. पांढरा कोट घातलेल्या माणसानं ग्लासभर पाण्यात बी टाकलं. बुडालं ते जिवंत, तरंगलं ते मेलेलं. मिनिटात निकाल अन् वर टाळ्या. मी मायला म्हटलं, फडकी कशाला बांधत बसतेस, हे बघ. गोळे फोडले, होतं तेवढं बी बादलीत ओतलं. सगळंच्या सगळं तरंगलं.

माय म्हणाली, खडखडीत वाळलेलं आहे ते, म्हणून वर येतं. मी तिला झापलंच. टीव्हीवरचे शिकलेले लोक काय खोटं बोलतात का, म्हणाले. तिनं फडकं घडी घालून ठेवून दिलं. मी ते बी म्हशीच्या आंबोणात शिजायला टाकलं अन् बाजारातून पाकीट आणलं.

पाकिटाचा वेल चांगला फोफावला. त्या डांगराच्या भाजीचा मायनं एक घास खाल्ला अन् उरलेली वाटी मला दिली.

मग तोच कार्यक्रम मी मोबाईलवर पुन्हा पाहिला, थांबवून थांबवून. आग लागो त्याला. बी ग्लासात पडतं, चित्र तुटतं, पुढच्या चित्रात पाणीही कमी अन् बीही वेगळंच. आणि तरंगलेलं बी मातीत लावून कुणी पाहिलंच नव्हतं! बुडालेलं तेवढं लावलं, उगवलं, झालं सिद्ध. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय त्याला प्रयोग म्हणायचं नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देते. तेव्हा माझे डोळे कुठं गेले होते?

मायच्या माहेरी गेले. आजूबाजूच्या चार गावांत घरोघरी विचारलं. ते बी कुणाकडेच राहिलं नव्हतं.

घरी आले तेव्हा माय तुरीच्या शेंगा सोलत होती. मला रडू आवरेना. अन् रडता रडता मी तिच्यावरच ओरडले, की तू मला अडवलं का नाहीस, हात का नाही धरलास माझा.

तिनं शेंगेवरची नजर काढली नाही.

"म्या टीव्हीचं कुठी आयकलं, बाई? म्या तुयं आयकलं. तू शिकेल हायेस, मले वाटलं तुले मालूम असन."