मंदाताई झोपल्या नव्हत्या

रविवार, अकरा जानेवारी, सकाळी साडेदहा. शहराबाहेरचं राऊ, तिथल्या आमच्या कॉलनीचं क्लबघर. हजर: अध्यक्ष जोशी; प्लॉट चौदाचे समीर भागवत, अमेरिकेहून थंडीपुरते आलेले; थंडीपुरत्याच उघडणाऱ्या आणखी आठ घरांचे मालक; आणि वृत्तांत लिहायला मी, सचिव. गैरहजर: मंदाताई तांबे. त्यांना बोलावलंच नव्हतं, आणि दीड तासाच्या सभेत शेवटी सगळे त्यांच्याबद्दलच बोलत होते.

वृत्तांतात मी ठराव लिहिले. मंदाताई कोण, हे वृत्तांतात बसत नाही, म्हणून ते इथे.

मंदाताई ही नऊ घरं सांभाळायच्या. मालक फेब्रुवारी-मार्चमध्ये कुलूप लावून जायचे आणि डिसेंबरात परत यायचे. मधले नऊ-दहा महिने किल्ल्या त्यांच्याकडे. वय सहासष्ट. माहेर आणि सासर दोन्ही जुन्या शहरात, बड़ा गणपतीच्या गल्ल्यांत. नवरा गेल्यावर कॉलनीच्या कोपऱ्यातल्या दोन खोल्यांत भाड्याने आल्या. त्याआधी तीस वर्षं एका शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेत मदतनीस होत्या, आणि तिथली शिस्त त्यांनी घरांना लावली होती. दर गुरुवारी तीन घरं, म्हणजे तीन आठवड्यांत नऊची नऊ. प्रत्येक नळ सोडून पाहायचा, प्रत्येक मोरीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतायचं. जाळीखालचं पाणी सुकलं की खालून वास येतो आणि झुरळं वर चढतात, हे मला त्यांनीच शिकवलं. मी स्वतः याद्या करणारी बाई आहे. त्यांची यादी कागदावर नव्हती आणि माझ्यापेक्षा पक्की होती.

पण त्यांचं खरं काम म्हणजे बसणं. सगळे नळ बंद करून त्या गच्चीवर जायच्या, टाकीत खुणेची काठी घालून पाण्याची पातळी बघायच्या, खाली येऊन मनगटावरच्या घड्याळात वेळ बघायच्या आणि हॉलमध्ये बसायच्या. पंखा बंद, फोन बंद, अर्धा तास. मग पुन्हा गच्ची, पुन्हा काठी. पातळी उतरली असेल तर घरात कुठेतरी पाणी झिरपतंय. या अर्ध्या तासात त्या डोळे मिटून ऐकायच्या. बंद घरात, त्या म्हणायच्या, पाणी लपून राहू शकत नाही.

पहिल्याच वर्षी मी त्यांना म्हटलं होतं की तेवढ्या वेळात दुसऱ्या घराची फरशी पुसून होईल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं प्रयोगवहीत खाडाखोड करणाऱ्या मुलीकडे पाहत असतील.

"वैशाली, घाईत घेतलं ते रीडिंग नसतं गं, अंदाज असतो. आणि अंदाज तर मी घरी बसूनही लावून देईन."

एका उन्हाळ्यात त्यांनी मला प्लॉट नऊमध्ये बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा त्या जिन्याखालच्या भिंतीला कान लावून उभ्या होत्या. "ऐक. भिंत बोलून राहिली आहे." मला काही ऐकू आलं नाही. त्यांनी मला सोफ्यावर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि दटावलं, "आता तुझी ती यादी डोक्यातून काढ." चार-पाच मिनिटांनी मलाही ऐकू आलं, नखाने टकटक केल्यासारखं. प्लंबरने भिंत फोडली तर आतला पाइप चिरलेला. पलीकडच्या खोलीत मालकांच्या वडिलांची पुस्तकं होती, ती भिजण्यापासून वाचली. म्हणजे डोळे मिटून बसण्याचा अर्थ मला माहीत होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

गेल्या मार्चमध्ये समीर भागवतांनी, म्हणजे आमच्या समीर भियांनी, जाताना हॉलमध्ये कॅमेरा बसवला. गुरुवार आला. अमेरिकेत बसून त्यांनी फोनवर पाहिलं तर मंदाताई त्यांच्या सोफ्यावर, हात मांडीवर, डोळे मिटलेले. मिनिटभराची क्लिप, तीही मुकी. ती त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर टाकली आणि वर लिहिलं, "अपनी केअरटेकर ऑन ड्यूटी". खाली हसणारे चेहरे. कोणी विचारलं, चादर पाठवू का. कोणी लिहिलं, आवाज करू नका, काकी उठतील. जोशींनी अंगठा टाकला. मी तिथेच होते, सगळं वाचत होते. मी काहीच टाकलं नाही, आणि तेव्हा मला तो संयम वाटला.

क्लिप ग्रुपमध्ये थोडीच राहते. ती शहरात त्यांच्या जुन्या शाळेतल्या लोकांपर्यंत गेली, दिरांच्या घरी गेली.

दोन दिवसांनी मंदाताई माझ्याकडे आल्या. नऊ जुडगे टेबलावर ओळीने ठेवले, प्रत्येकाला प्लॉट नंबरची पट्टी. चहा नको म्हणाल्या. बड़ा गणपतीला भाजी घ्यायला गेल्या होत्या; ज्या भाजीवाल्याकडून चाळीस वर्षं भाजी घेतली त्याने विचारलं होतं, काकीजी, नींद पूरी हुई?

"मी झोपले नव्हते, हे तू जाणतेस. बस, तेवढं त्याच ग्रुपवर लिहून दे. माफी-बिफी कुणाची नको मला. तीस वर्षांत एक रीडिंग खोटं नाही दिलं मी, आणि हे लोक मला झोपलेली दाखवून राहिले."

मी म्हटलं, आजच लिहिते. टाइपही केलं होतं. तेवढ्यात जोशींचा फोन आला. वैशालीजी, थोडं थांबा, समीरला स्वतःहून लिहू द्या, उगाच त्याला खाली पाहायला लावायचं कशाला. मला ते पटलं. समीर भियांना मी वेगळा मेसेज केला. त्यांचं उत्तर आलं, "अरे, मज़ाक था यार, कोई सीरियसली लेता है क्या." मी "विषय थंड होऊ दे" असं स्वतःला सांगितलं आणि यादीतल्या पुढच्या कामाकडे वळले. एप्रिलमध्ये मंदाताई खोल्या सोडून बेटम्याला भावाकडे गेल्या. टेम्पो मी पाहिला. बाल्कनीतून.

त्यांच्या जागी आम्ही एक एजन्सी नेमली. टी-शर्टवर नाव, हातात छापील तक्ता. नळ: ठीक. वीज: ठीक. घर: ठीक. दर घरी दहा मिनिटं. कुणी बसत नव्हतं, त्यामुळे कुणाची क्लिपही निघाली नाही.

डिसेंबरात समीर भियांनी दार उघडलं तर हॉलची लाकडी फरशी फुगून वर आलेली आणि स्वयंपाकघराची भिंत कमरेपर्यंत काळी. सिंकमागचा सांधा पावसाळ्यापासून गळत असावा, असं प्लंबर म्हणाला. कॅमेरा सोफ्याकडे तोंड करून सगळा वेळ चालू होता.

त्यासाठी रविवारची सभा. पाऊण तास जबाबदारी कोणाची यावर गेला. मग समीर भियांनी तोडगा काढला. "छोड़ो ना, त्या काकींनाच परत बोलवा. त्यांचाही टाइमपास होऊन जाईल." दोघंतिघं हसले. जोशी म्हणाले, उत्तम, लिहा वैशालीजी.

टाइमपास हा शब्द ऐकला आणि मी पेन खाली ठेवलं. सभेत आवाज चढवायची मला सवय नाही, त्या दिवशी चढला. त्या बाई सहासष्टाव्या वर्षी गच्च्या चढत होत्या हे सांगितलं. काठी सांगितली, अर्धा तास सांगितला, प्लॉट नऊची भिंत सांगितली. म्हटलं, त्या झोपल्या नव्हत्या, त्या तुमच्या घराचं पाणी ऐकत होत्या, आणि त्या बसल्या असत्या तर तुमची फरशी आज जागेवर असती.

समीर भियांचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "वैशालीजी, तुम्हाला हे मार्चमध्ये माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

"तो तब क्यों नहीं बोला आपने?"

विचारण्याचा हक्क त्यांना होता की नव्हता, यावर मी दोन दिवस स्वतःशी भांडले. प्रश्न मात्र बरोबर होता. ज्यांनी हसणारे चेहरे टाकले त्यांना काही माहीत नव्हतं. माहीत असून गप्प बसलेली तिथे एकच व्यक्ती होती आणि ती वृत्तांत लिहीत होती. दहा महिने मी त्या हसणाऱ्यांवर चिडून होते. त्या रागातला मोठा वाटा माझा मला घ्यायला हवा होता.

ठराव झाला: सचिवांनी मंदाताईंना फोन करून परत येण्याची विनंती करावी.

आज बुधवार. वृत्तांत सगळ्यांना गेला. एजन्सीला पत्र गेलं. प्लंबर येऊन गेला. फोन करता येत नाही, कारण मंदाताई पहिलं तेच विचारतील, लिहिलंस का. म्हणून ग्रुप उघडते आणि लिहिते, "मंदाताई झोपल्या नव्हत्या. हे मला त्याच दिवशी माहीत होतं." दुसरं वाक्य वाचलं की बोट थांबतं. ते खोडते. मग उरलेलं पहिलं वाक्य असं दिसतं, जणू मला हे काल कळलं. म्हणून तेही खोडते.

सकाळपासून चार वेळा झालं. काम बाकी.