काळी, निळी आणि माझं उखळ

आमच्या ह्यांनी माझं उखळ सिमेंटनं बुजवायला गवंडी बोलावला. त्या दिवसापर्यंत मी या घरात कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हटल्याचं मला आठवत नाही. एवढं सगळं झालं ते गाण्यांवरून. गाणी कुठल्या ॲपवर ऐकायची, यावरून.

उखळ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीत बसवलेलं आहे. घर बांधताना, फरशी घालायच्या आधी, मी मागितलेली तेवढी एकच गोष्ट. मी शेंगाची चटणी करते. आमच्या गल्लीत देते, स्टेशनकडच्या एका दुकानातही ती विकायला जाते. शेंगदाणे भाजायचे, सालं पाखडायची, मग लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून तेल सुटेपर्यंत कांडायचं. मिक्सरमध्ये त्याचा नुसता भुगा होतो. बाजारात बायका मला ‘उखळातल्या चटणीवाल्या’ म्हणून ओळखतात. माझ्या तोंडून शब्द निघत नाही, पण माझ्या चटणीला चव आहे हे त्यांना माहीत आहे. मला तेवढं पुरतं. दुपारी मुसळ हातात घेतलं की कुणाशी बोलावंही लागत नाही.

हे साखर कारखान्यात इलेक्ट्रिकच्या कामावर होते. रिटायर झाल्यावर पुण्याच्या मुलानं त्याचा ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर ह्यांना पाठवले. नव्या फ्लॅटमध्ये सुनेला ते नको होते, हे मला मागाहून कळलं. इकडे मात्र मुलानं बापासाठी केवढं केलं हे सगळ्या गल्लीला सांगून झालं. कमरेएवढे दोन काळे खोके. ते ठेवायला बाहेरच्या खोलीतली माझी बाज काढली. त्या बाजेवर बसून मी शेंगदाणे निवडायची.

“ती गच्चीवर जाऊ दे. आवाज आदळतोय तिच्यावर,” हे म्हणाले.

गच्चीवर उन्हानं तिच्या सुतळ्या तुटल्या. मी खाली फरशीवर बसून निवडायला लागले.

स्पीकर आले तरी सुखानं गाणी लागली नाहीत. फोनवरच्या साध्या ॲपमधली गाणी म्हणे दाबून लहान केलेली असतात. ह्यांना रेकॉर्डिंग झालं तसंच्या तसं, काही न कापलेलं गाणं हवं होतं. तसली दोन ॲप त्यांनी शोधून काढली. एकाचं चित्र काळं, एकाचं निळं, म्हणून घरात त्यांना काळी आणि निळी अशीच नावं पडली. दोन सवती असाव्यात तशी. पहिला महिना दोन्ही फुकट होती. महिना संपायच्या आत एक ठरवायची आणि तिची वर्षाची वर्गणी भरायची, असं चाललं होतं. माझ्या लग्नाच्या वेळी ह्यांनी मुलगी बघायला एवढा वेळ घेतला नव्हता.

फोन आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये पानाच्या डब्याएवढा एक डबा होता. गाणं साधं असलं की त्याचा दिवा हिरवा, भारी असलं की जांभळा. हे गाण्यापेक्षा दिव्याकडंच जास्त बघायचे. हिरवा लागला की तोंड वाकडं.

एकदा मी दारात उभी राहून विचारलं, “आमच्याकडची कानडी भजनं हायत का त्यात?” माझं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं आहे.

ह्यांनी काळीत शोधलं. एक सापडलं. दिवा हिरवा लागला.

“हे ऐकण्यासारखं न्हाई,” म्हणाले आणि बंद केलं. गाणाऱ्या बाईनं तोंड उघडून पहिली ओळसुद्धा पुरी केली नव्हती.

त्यानंतर मी त्या दारात उभी राहिले नाही. राहायची सोयही उरली नाही, कारण माझ्या भांड्यांचा आवाज नको म्हणून ह्यांनी मधलं दार लावून त्यावर त्यांच्या बाजूनं जुनी वाकळ टांगली. रोज दुपारी दार बंद करून काळी ऐकायचे. त्याच वेळी अलीकडं मी कांडायला बसायची.

सोमवारी ह्यांचे एक दोस्त यायचे. त्यांचं चादरींचं दुकान आहे, सोमवारी बंद असतं. निळी त्यांच्या फोनवर होती, म्हणून सोमवारी निळी लागायची. मी चहा घेऊन गेले की दोघांचं भांडण कानावर यायचं.

“अण्णा, निळीत आवाज कसा मोकळा येतोय बगा. आन आपल्याकडची गाणी बी लई हायत.”

“मोकळा म्हंजे पोकळ. डग्गा कुठाय हिच्यात? काळीत डग्गा वाजला की माझ्या तळपायाला कळतंय. फरशीतनं येतोय.”

“फरशीतनं?”

“मग! खालचा आवाज कापतेत निळीवाले, म्हणून तुला मोकळं वाटतंय. टक्कल बी मोकळंच असतंय की.”

त्या दोस्तांच्या डोक्यावर केस नाहीत. ते हसले, पण टोपी घातली आणि चहा अर्धा ठेवून गेले.

हे सगळ्यांना सांगत सुटले. फोनवर मुलाला, दूधवाल्याला, कारखान्यातल्या जुन्या लोकांना. काळीतला ठोका जमिनीतनं येतो, ते कळायला कान तयार लागतो. मुलगा म्हणाला, एवढ्याशा स्पीकरमधून तसं यायला नको, बाबा. तर त्याच्यावर ओरडले. “चाळीस वर्षं मोटरी ऐकल्यात मी. मला शिकवतोस व्हय?”

महिना संपत आला तेव्हा ह्यांनी दोस्तांना गुरुवारी दुपारी बोलावलं. एकाच बैठकीत आधी काळी, मग निळी लावायची आणि निकाल लावायचा. दोस्तांनी दुकान नोकरावर सोडलं आणि आले. मी चहा दिला, वाकळ सोडली, दार ओढून घेतलं आणि माझ्या कामाला बसले. दुकानाची चटणी द्यायची होती.

पलीकडं काळी लागली. मला दारातून फक्त तबला ऐकू यायचा, सूर नाही. पुढचं मला त्या दोस्तांनीच पुष्कळ वेळा ऐकवलं आहे, म्हणून माहीत आहे.

“आला का पायाला?” ह्यांनी विचारलं.

“आला की, अण्णा. खरंच आला!”

हे खुर्चीत मागं रेलले. मग निळी लावली. दोस्त खाली बघत राहिले.

“अण्णा, हिच्यात बी येतोय.”

“कसा येईल?”

“चप्पल काढा, बगा.”

तेवढ्यात दोस्तांचा फोन वाजला. निळी त्याच फोनवर होती, त्यामुळं गाणं एकदम थांबलं. आणि गाणं थांबल्यावरही डग्गा वाजत राहिला. ठक्, ठक्, ठक्. त्याच लयीत.

वाकळ बाजूला झाली, दार उघडलं. दोघं माझ्याकडं बघत होते. माझं मुसळ वर होतं. पदर सारखा करायला हात रिकामा नव्हता.

“वहिनी, थांबा जरा,” दोस्त म्हणाले. मी थांबले. “आता करा.” मी एक घाव घातला. त्यांनी पायानं फरशी चाचपली आणि मटकन खाली बसले. त्यांना हसू आवरेना. “अण्णा, तुमचा डग्गेवाला हितं बसलाय! भरा आता वर्षाची वर्गणी, वहिनींच्या नावानं!”

मला कळायला थोडा वेळ लागला. दारातून तबला आला की माझा हात आपोआप त्याच्यावर पडायचा, हे मलाही माहीत नव्हतं. स्पीकर, ह्यांची खुर्ची आणि माझं उखळ, सगळं एकाच शहाबादी फरशीवर. आणि सोमवार महादेवाचा. आमच्यात सोमवारी मुसळाला हात लावत नाहीत. म्हणून निळी बिचारी दर सोमवारी पोकळ ठरत होती.

लग्न झाल्यापासून मी कांडते आहे. ह्यांच्या कानाला ते कधीचंच ऐकू येईनासं झालं होतं. तबल्यात मिसळून आलं तेव्हा मात्र आवडलं.

मला हसू आलं. मी पदर तोंडाला लावला, पण ह्यांनी ते पाहिलं. दोस्तांच्या हसण्यापेक्षा ते त्यांना जास्त लागलं असणार.

दोस्त गेल्यावर हे म्हणाले, “मुद्दाम करत होतीस.”

“मी कशाला हो? मला काय ठाऊक?”

“ठाऊक न्हाई तर तालात बरं पडत होतं? चारचौघांत हसं केलंस माझं.”

चारचौघं नव्हतेच. पण दोन दिवसांत झाले. दोस्तांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट सांगितली. भाजी घ्यायला गेले तर भाजीवाली विचारते, “आक्का, तबला शिकता म्हणं?” ह्यांनी बाहेर जाणं कमी केलं. आणि एके दिवशी जेवता जेवता सांगितलं की उखळ बुजवायचं. धक्क्यानं त्या दिव्याच्या डब्यातलं काहीतरी सैल होईल, हे कारण.

मी मुलाला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाकडं तक्रार केली असेल.

“आई, मी चांगला मिक्सर पाठवतो ना,” तो म्हणाला. “बाबांना तेवढा एकच छंद आहे. त्यांच्या मनासारखं होऊ दे.”

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “आन मला किती हायत रे?” ऐकायला कुणी नव्हतं.

गवंडी सकाळीच आला. अंगणात त्यानं सिमेंट-वाळू कालवली. मी आत गेले, भाजलेल्या दाण्यांची परात ओढली, उखळापाशी मांडी घातली आणि कांडायला लागले. गवंडी घमेलं घेऊन आत आला आणि उभा राहिला.

“आक्का, सरकता का जरा?”

मी मान वर केली नाही.

“उठ,” हे म्हणाले.

“न्हाई.”

“त्या माणसाचा खोळंबा होतोय. उठ म्हणतोय न्हवं!”

“मी उठणार न्हाई. हे मी मागून घेतलंय.”

आवाज माझाच होता, पण फार बारीक. मला भीती वाटली की गवंड्याला ऐकूच गेलं नसेल. गेलं होतं. त्यानं ह्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि घमेलं पुन्हा खांद्यावर घेतलं.

“मालक, तुमचं आदी घरात ठरवा. बाईमाणसाला उठवून मी काम करत न्हाई.”

“पैसे मी देतोय का ती?”

“पैसे नगंत. माल मात्र आता घट्ट व्हायला लागलाय, त्याचं काय?”

त्या मालानं त्यानं शेजारणीच्या पायरीखालचं घुशीचं बीळ बुजवलं आणि गेला. शेजारीण मला अजून त्याबद्दल दुवा देते.

हे त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलतात. जेवताना चटणीची वाटी बाजूला सारतात. वर्गणी त्यांनी काळीचीच भरली. निळी बरी होती, तिच्यात आपली गाणी होती, हे त्यांनाही कळलं होतं. पण इतक्या जणांना काळी सांगून बसल्यावर निळी घेणार कशी? आता ते कानावर मोठे हेडफोन घालून ऐकतात. स्पीकरवर चादर टाकली आहे, दोस्तांच्याच दुकानातली. वाकळ मी काढून धुतली. दार उघडंच असतं.

परवा दुपारी ह्यांनी एका कानावरचा हेडफोन उचलला.

“झालं का न्हाई अजून?”

“न्हाई.”

“किती वेळ?”

“लागंल.”

खरं तर झालं होतं. तेल सुटलं होतं, चटणी मुसळाला चिकटत होती. ते माझ्याकडं बघत राहिले, मीही बघितलं, आणि खाली न बघता कांडत राहिले. त्यांनी हेडफोन परत कानावर ओढला. मग मी थांबले. आणखी कांडली असती तर तिचा गोळा झाला असता.