तेल घातलेला रहाट

मुरुडला रहाटाला तेल घालत नाहीत. नव्या माणसाला याचं नवल वाटतं. डोळ्यांना झापड बांधलेला रेडा गोल फिरतो, मडक्यांची माळ विहिरीतलं पाणी वर आणते आणि लाकडी कणा सगळ्या आळीला ऐकू जाईल असा कुरकुरतो. तेवढ्यासाठीच तो कोरडा ठेवायचा. मालक ओटीवर सुपारी कातरत बसला तरी त्याला कळतं, गडी रेडा हाकतोय की माडाखाली पेंगतोय. आवाज थांबला की ओटीवरून शिवी सुटते. अशी ही पद्धत, आणि गोदावरीचं अर्धं आयुष्य तिच्यावरच चाललं होतं.

गोदावरी म्हणजे मार्तंडाची बायको, आता विधवा. गुडघ्यांनी अधू, जिभेने मुळीच नाही. शेजारच्या वाडीत तिचा धाकटा दीर हरी. भावांनी वाटणीत वाड्या वाटल्या, भांडी वाटली, देवसुद्धा वाटले. विहीर तेवढी वाटता येईना. ती कुंपणावर राहिली, आणि तिच्यावरचा रहाटही सामाईक राहिला. सकाळची पाळी थोरल्याची, संध्याकाळची धाकट्याची. मार्तंड होता तोवर ठीक चाललं. तो गेला आणि तेराव्याच्या पंगतीत, पानातला लाडू फोडता फोडता हरी म्हणाला, "आता एकट्या बाईमाणसाला एवढं पाणी हवंय कशाला?" चार लोकांत म्हणाला. गोदावरी दाराआड बसली होती. त्या दिवसापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. नबाबाचं राज्य गेलं, एसटी आली, गावात विजेच्या गोष्टी होऊ लागल्या, पण हा अबोला जागचा हलला नाही.

अबोला म्हणजे गप्प बसणं, असं कोणी समजू नये. गोदावरी हरीच्या रेड्याशी बोलायची. लेकी बोले सुने लागे. "काय रे रेड्या, दुसऱ्याच्या पाण्यावर बरा माजलास!" हरी त्याच रेड्याच्या पाठीवर थाप मारून उत्तर द्यायचा, "चल राजा, भुंकणारी भुंकतात." हरीची बायको द्वारका दोन्हीकडचं ऐकायची आणि तोंडाला पदर लावून आत जायची. रेडा बिचारा दोन्ही घरच्या शिव्या खाऊन गोल फिरत राहायचा.

वैशाखात हे भांडण खरं पेटायचं. समुद्र वाडीच्या पाठीलाच. विहीर फार उपसली की खालून खारं पाणी शिरतं. म्हणून सासऱ्यांनी विहिरीच्या बांधणीत आतून एक पांढरा दगड बसवला होता. पाणी उतरून ती खूण उघडी पडली की पाळी कोणाची का असेना, रेडा सोडायचा.

त्या वर्षी गोदावरीचा जीव त्या खुणेत अडकला होता. आदल्या वर्षीच्या वादळात तिच्या निम्म्या पोफळी मोडल्या होत्या. जागोजागी तिने नवी रोपं लावली होती, जमिनीवर बसून, सरकत सरकत, स्वतःच्या हाताने. मोठं झाड मचूळ पाणी एखादे वेळी सोसतं, रोप सोसत नाही. रोपं गेली तर वाडी गेली. आणि वाडी गेली तर हरीच्या त्या वाक्याला उत्तर काय उरलं? मग खरंच, एकट्या बाईला पाणी हवंय कशाला?

म्हणून रोज संध्याकाळी ती ओटीवर तांदूळ निवडत हरीचा रहाट ऐके. केळींच्या आडून विहीर दिसत नसे. पण किती वेळ कुरकुरला म्हणजे खूण उघडी पडते, हे तिच्या कानाला पाठ होतं. वेळ झाली की ती ओरडे, "रेड्या, थांब! खूण उघडी पडली!" हरी आणखी दोन-चार फेरे घेई, निव्वळ तिला चिडवायला, आणि सोडी.

एकदा हरीचे व्याही आले होते. त्यांच्यादेखत ती ओरडली, "रेड्या, तुझ्या धन्याला लाज नाही, तुला तरी असू दे!" व्याही हसले. हरीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दुसऱ्या दिवशी त्याने कण्याला पोटभर उंडीचं तेल पाजलं. रहाट मुका झाला.

"आता ऐक म्हणावं," असं तो द्वारकेला म्हणाला. पण कुंपणापलीकडे जाईल इतक्या मोठ्याने.

गोदावरीला ती शांतता सोसेना. तांदळात खडे राहू लागले. तिचा गडी कोंडाजी एका सकाळी ओंजळभर पाणी चाखून थुंकला.

"वैनी, पानी मचूळ हाय."

"रोपं?"

"शेंडं करपाया लागलंत."

तिने कोंडाजीकडून कणा पुसून घेतला. हरीने संध्याकाळी पुन्हा तेल घातलं. तिने पुन्हा पुसून घेतला, त्याने पुन्हा घातलं. तेव्हा मात्र तिने ठरवलं, की त्याला आता रंगेहाथ धरायचा आणि रेड्याला मध्ये न घालता बोलायचं. इतकी वर्षं साठवलेलं होतं. काठी घेऊन, कुंपणाला धरत धरत ती त्याच्या पाळीला विहिरीवर गेली. वाटेत शब्द लावून ठेवत होती, कुठला आधी, कुठला मग.

रेडा झापड बांधलेला, जागच्या जागी उभा होता. हरी पाटाच्या कडेला आडवा पडला होता.

"झोपलात? वा! दुसऱ्याची रोपं जाळून झोप बरी लागते!" ती सुरू झाली. हरी बोलेना. "सोंग करू नका. तेराव्याला तोंड चांगलं चाललं होतं."

ती जवळ गेली. तोंड एका बाजूला ओढलं होतं, डोळा उघडा होता आणि तिच्याकडे बघत होता. तिने विहिरीत नजर टाकली. खूण अजून चांगली पाण्याखाली होती; एव्हाना ती उघडी पडायला हवी होती. म्हणजे हा कितीतरी वेळ असाच पडला होता.

"हरीभाऊजी!" ती ओरडली. मग द्वारकेला हाका मारल्या, कोंडाजीला मारल्या, सगळी आळी गोळा केली.

"मला वाटलं रहाट चाललाय," द्वारका रडत रडत म्हणाली. "तेल घातल्यापासून चालू की बंद, काही कळतच नाही हो."

गोदावरीच्या ते वर्मी लागलं. कणा कोरडा असता तर मध्येच थांबलेला रहाट तिला पहिल्या क्षणाला कळला असता. साऱ्या मुरुडात हरीच्या रहाटाकडे कान लावून बसणारं माणूस एकच होतं, आणि त्याचेच कान या शहाण्याने बंद केले होते. तिला कीव आली नाही. भयंकर राग आला.

डॉक्टर म्हणाले, एका अंगावरून वारं गेलंय. जीव वाचला. हरीला ओसरीवर खाटेवर ठेवला. तो भिंतीकडे तोंड करून पडे. बोलेना, खाईना. पेजेची वाटी तोंडाशी नेली की ओठ मिटून घेई. विहीर पुन्हा गोडी झाली होती, रोपांना नवी पानं येऊ लागली होती. गोदावरीचं सगळं मनासारखं झालं होतं.

द्वारका कुंपणाशी येऊन म्हणाली, "वन्सं, हे जगायचंच नाही म्हणून बसलेत."

"वन्सं नाही मी, जाऊ आहे तुझी. रडून रडून नातंही विसरलीस," गोदावरी म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवशी तिने कोंडाजीला राख आणि रिठे दिले. त्याने कणा घासघासून कोरडाठाक केला. दुसऱ्या सकाळी रहाट जुन्या आवाजात कुरकुरायला लागला. गोदावरी काठी टेकून कुंपणाशी उभी राहिली. रोपं भिजली. पाट भरून वाहिले.

"वैनी, खूण दिसाया लागली," कोंडाजी म्हणाला. "सोडू?"

"हाक."

"वैनी, खारं येल. रोपं मरतील."

"मला शिकवतोस? हाक म्हणते ना!"

रेडा फिरत राहिला. पांढरा दगड सबंध उघडा पडला. गोदावरी रोपांकडे बघत नव्हती. तिचा कान पलीकडच्या ओसरीकडे होता. हरीच्या कानालाही तो हिशेब पाठ असणार. आणखी एक फेरा. आणखी एक. बाईला वेड लागलं की काय, असा कोंडाजी तिच्याकडे बघू लागला.

पलीकडे पितळेचा तांब्या भिंतीवर आदळला. मग घोगरा, अर्धवट, पण संतापाने भरलेला आवाज आला.

"चो... चोर! रेड्या... थांब!"

"सोड रेडा," गोदावरी कोंडाजीला म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं आणि कुंपणावरून हाक मारली.

"द्वारके, आता पेज दे त्याला. घेईल. माझ्याशी भांडायचं तर अंगात जोर पाहिजे."