मावशीच्या रक्तातली राखण

नायगावची चाळ सोडून आम्ही नव्या इमारतीत, अठराव्या मजल्यावर राहायला आलो, आणि आईला तिथेच जुनी चाळ दिसू लागली. दुपारी बाल्कनीत उभी राहून ती म्हणायची, "नळ आला बघ. हंडा लाव."

तिची मोठी बहीण, माझी मावशी, ब्याऐंशीची. लालबागहून बसने एकटी यायची आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या सुनेचं माहेरसुद्धा लक्षात ठेवून सांगायची.

परळच्या एका इस्पितळातल्या तरुण डॉक्टरबाईंनी संशोधनासाठी दोघींचं रक्त मागितलं. त्यांनी समजावून सांगितलं, "मेंदूतली काही प्रथिनं चुकीची दुमडतात आणि साचत जातात. दुसरी काही प्रथिनं त्यांना सावरतात, बिघडलेली साफ करतात. ही राखण म्हातारपणी काहींची टिकते, काहींची कमी पडते. का, ते शोधतोय."

मावशीने बाही वर सरकवली. "मग माझ्यातली थोडी हिला द्या."

डॉक्टर हसल्या नाहीत. "तसं अजून देता येत नाही, आजी."

"रक्त देता येतं की."

"रक्त देता येतं. हे नाही."

टॅक्सीत मावशीने आईचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "एका ताटात जेवलो गं आम्ही. माझंच कसं सगळं शाबूत राहिलं?" आमच्या मध्ये बसलेली आई बाहेरची झाडं बघत होती.

त्या रक्तातून काय निघालं, ते आम्हाला कळलं नाही. कळणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मावशी मात्र रोज येऊ लागली. आईजवळ बसून दोघींच्या लहानपणाच्या गोष्टी सांगायची. जिन्याखाली लपवलेली मांजराची पिल्लं, गच्चीवर वाळत घातलेले पापड, तापात एकमेकींच्या अंगावर ओढलेली गोधडी. आई ते परक्या कुणाचं असावं तसं ऐकायची. ऊन फरशीवरून भिंतीवर चढायचं, आणि मला वाटायचं, खोलीत आणखी दोघी आहेत, परकरातल्या.

एका दुपारी आईने विचारलं, "मग त्या धाकटीचं काय झालं?"

मावशी थांबली. "ती शिकली. शाळेत बाई झाली. मुलगी झाली तिला."

"मुलगी बघते का तिला?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "बघते."

"बरं झालं," आई म्हणाली आणि उशीला टेकली.

मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. बाहेर मावशी पुढचं सांगायला लागली होती.