वहीत नऊ, टेबलावर दोनशे अकरा

माझा धाकटा भाऊ मंद आहे. हे मी म्हटलेलं चालतं, दुसऱ्या कोणी म्हणायचं काम नाही. घरात सगळे त्याला गोगल्या म्हणायचे. गोगलगाय म्हणायला लांब पडतं म्हणून, नाहीतर घाई कसलीच नव्हती, तो कुठे पळून जाणार होता. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा आणि मी सतराची. त्यामुळे त्याला वाढवायचं आणि त्याच्यावर ओरडायचं, ही दोन्ही कामं माझ्याच गळ्यात पडली.

शाळेत त्याचा पेपर कायम अर्धा राहायचा. जेवढा लिहिलेला असायचा तेवढा बिनचूक. मोठेपणी फोटो धुण्याच्या दुकानात लागला. तिथे त्याचं जमलं होतं, पण लोकांच्या हातात मोबाइल आले आणि ते दुकानच बंद पडलं. मग तिकीट खिडकीवर बसला. रांग दाराबाहेर रस्त्यावर गेली, लोक काच बडवायला लागले आणि आठव्या दिवशी साहेबांनी त्याला नारळ दिला. तेव्हापासून तो माझ्या दुकानात. मी कपडे अल्टर करते, काज-बटण त्याच्याकडे. कापड फाटेल एक वेळ, पण त्याने लावलेलं बटण निघायचं नाही. फक्त एका शर्टाला अख्खी दुपार जायची. गिऱ्हाइकांना थापा मारून मारून माझं तोंड दुखायचं.

तो एकेचाळीस वर्षांचा झाला त्या साली एक मुलगी पडदे शिवून द्याल का विचारायला आली. चष्म्याच्या दुकानाच्या वर दोन खोल्या घेऊन ते लोक व्हिडिओ गेम बनवत होते आणि दुपारचं ऊन थेट स्क्रीनवर यायचं. ही मुलगी चित्रं काढायची, तिचा जोडीदार प्रोग्राम लिहायचा. त्याला ती कॅप्टन म्हणायची. माणसं एवढी दोनच. जाड अस्तराचे चार पडदे मी शिवले आणि लावायला गोगल्याला पाठवलं. अर्ध्या तासाचं काम. स्वारी चार तासांनी उगवली.

"तिथेच मुक्काम ठोकला होतास का?" मी विचारलं.

"ताई, त्यांनी मला गेम खेळायला दिला," तो म्हणाला. "एक म्हातारा आहे. पाठीवर काचेचं कपाट घेऊन जिना चढतो."

मग त्याने मला सगळं सांगितलं, त्याच्या पद्धतीने, म्हणजे माझ्या दोन पँटी शिवून होईपर्यंत. बारा मजल्यांची इमारत, लिफ्ट नाही. गच्चीवरच्या खोलीत म्हाताऱ्याची बायको वाट बघतेय. कपाट भिंतीला लागलं की काच फुटते आणि त्या मजल्याच्या खालच्या पायरीपासून परत सुरुवात. पहिला मजला चढायला त्याला सत्तावीस प्रयत्न लागले. ती दोघं मागे उभी राहून बघत होती आणि मुलगी कागदावर काहीतरी लिहीत होती.

"हसले असतील," मी म्हटलं.

"नाही गं. कोणी हसलं नाही. कोणी घाईसुद्धा केली नाही."

हे सांगताना त्याचा चेहरा असा होता की माझ्याने पुढे चिडवलं गेलं नाही.

त्यानंतर तो काहीतरी कारण काढून तिकडे जायला लागला. पडद्याची कडी सैल झाली असेल, टीप उसवली असेल. मी शिवलेल्या पडद्याची टीप म्हणे उसवली. मग एक दिवस बटणं बाजूला सारून पत्र लिहायला बसला. अकरा दिवस लिहीत होता. चार पानं, त्या गेमबद्दल. कुठल्या वळणावर त्याला भीती वाटली, कुठल्या खिडकीपाशी जरा उभं राहावंसं वाटलं, कुठल्या पायरीवर म्हाताऱ्याचा राग आला. मी म्हटलं, कोण वाचणार हे पुराण. तो ते त्यांना देऊन आला आणि चौथ्या दिवशी कॅप्टन स्वतः दुकानात आला. तिशीतला पोरगा, बोलताना जमिनीकडे बघणारा. आम्हाला असं वाचता येणारा माणूस हवाय, म्हणाला. एक महिना येऊन बघा, जमलं तर कायम करू. तो गेल्यावर गोगल्या मशीनवर हात ठेवून नुसता बसून राहिला. चाळिशी उलटलेल्या माणसाला नोकरी लागते तेव्हा तो नाचत नाही, त्याला धडकी भरते.

काम काय, तर खेळायचं. नवा मजला तयार झाला की कॅप्टन शुक्रवारी तो त्याच्या कॉम्प्युटरवर टाकायचा. सोमवारी गोगल्याने मागच्या खोलीत एकट्याने बसून खेळायचं आणि किती वेळा काच फुटली ते वहीत लिहायचं. त्या दोघांनी गेम इतक्या हजार वेळा खेळलेला की कुठलं सोपं आणि कुठलं अवघड हे त्यांना कळेनासं झालं होतं. वहीतल्या आकड्यावरून ते जिना ठरवायचे. जसं होईल तसं लिहा, एवढंच कॅप्टनने सांगितलं होतं.

पहिल्या सोमवारी तो संध्याकाळी आला तो तोंड पाडून. तिसरा मजला होता.

"चौसष्ट प्रयत्न लागले," म्हणाला.

"आणि तसं लिहिलंस?"

"हो. ते म्हणाले ना, होईल तसं लिहा."

"मग कॅप्टन काय म्हणाला?"

"हं म्हणाला."

ते हं मी ओळखत होते. तिकीट खिडकीच्या साहेबांनीही पहिल्या दिवशी हंच केलं होतं. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, अरे, तोंडाने सगळेच सांगतात खरं लिहा. एक महिन्याची मुदत आहे, विशीतली पोरं हे झटक्यात करत असतील, तुला चौसष्ट लागतात म्हटल्यावर कशाला ठेवतील ते तुला? शुक्रवारी तो मजला पेन ड्राइव्हवर घेऊन ये. शनिवार-रविवार इथे बस आणि हात बसव.

"चालेल का तसं?" त्याने विचारलं.

"नको म्हणालेत का कोणी?"

नको कोणी म्हटलं नव्हतं, कारण हे कोणाच्या डोक्यातच येण्यासारखं नव्हतं.

मग आमचे शनिवार-रविवार तसे जायला लागले. माझ्या नवऱ्याचा जुना लॅपटॉप कापड कापायच्या टेबलावर, मी पलीकडे पँटी उसवत बसलेली. काच फुटली की आवाज यायचा आणि मी शिवणाच्या खडूने टेबलावर एक रेघ ओढायची. चौथ्या मजल्याला एकशे दहा रेघा झाल्या. सोमवारी वहीत पडले सहा. लिहिलेलं खोटं नव्हतं, सोमवारी खरंच सहाच लागले होते. मी स्वतःची तेवढीच समजूत घालून घेतली.

कॅप्टनला आश्चर्य वाटलं. गोगल्याला सहाव्यात जमतंय म्हणजे मजला फारच सोपा झाला, असं धरून त्याने जिना अरुंद केला, पायरीवर पाणी सांडलं. पुढचा मजला त्याहून कठीण. मग आमच्या रेघा वाढल्या, वहीतला आकडा तेवढाच राहिला, की तिकडे जिना आणखी अरुंद. महिना संपला तेव्हा गोगल्याला कायम केल्याचं पत्र मिळालं. ते मी महिनाभर गल्ल्याच्या काचेखाली लावून ठेवलं आणि न विचारता येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवलं. माझा नवरा म्हणाला, अगं, त्या गिऱ्हाइकाला निदान त्याचा कोट तरी नेऊ दे.

गोगल्या बदलला होता. सकाळी स्वतःहून उठायचा. शर्टाला इस्त्री करायचा, आणि तीही वेळेत. दुपारी ती मुलगी त्याला चित्रं दाखवून विचारायची, हे दार इथे बरं की तिथे, आणि तो दोन दिवस विचार करून उत्तर द्यायचा आणि ती दोन दिवस थांबायची. गच्चीवरून दिसणाऱ्या गावाचं एक मोठं चित्र ती आठ महिने काढत होती. हजारभर खिडक्या आणि प्रत्येक खिडकीत वेगळं माणूस. त्यातल्या एका खिडकीत मशीनवर वाकलेली बाई आहे, ती मी आहे म्हणे. मी म्हटलं, नाक तरी नीट काढ म्हणावं.

नववा मजला आला तेव्हा टेबलावर दोनशे अकरा रेघा झाल्या. त्याची बोटं सुजली होती. मी मलम चोळत होते तेव्हा तो म्हणाला, "ताई, हे लोकांना फार जड जाईल. मी कॅप्टनला सांगू का?"

मी म्हटलं, "लोकांचं लोक बघतील. तू तुझं बघ."

हे माझे शब्द. अक्षर न अक्षर माझे. सोमवारी वहीत त्याने नऊ लिहिले.

गेम बाहेर आला. पहिल्या दिवशी चित्रं बघून बऱ्याच लोकांनी घेतला. ते दोघं आणि गोगल्या स्क्रीनपुढे बसून होते, मी त्यांना चहाचा थर्मास पोचवून आले. दुसऱ्या दिवशी लोकांनी परत करायला सुरुवात केली. दिवसभर राबून दोन घटका बरं वाटेल म्हणून घेतला आणि हा तर छळ आहे, असं कोणीतरी लिहिलं होतं. कोण कुठल्या मजल्यापर्यंत पोचलं ते त्यांना दिसायचं. शंभरातले एक्याण्णव चौथ्या मजल्यावर सोडून गेले. गच्चीवर सगळे मिळून चौघं पोचले. आठ महिन्यांचं ते चित्र जगात चार माणसांनी पाहिलं.

कॅप्टनने आठवडाभर जागेवरून न उठता जिने रुंद केले. पण एकदा कंटाळून गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही, हे मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. चौथ्या महिन्यात त्या दोघांनी खोल्या सोडल्या. गोगल्या परत माझ्याकडे काज-बटणाला बसला. काय झालं, कसं झालं, काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. चालायचंच, म्हटलं. सगळ्या धंद्यांत बसतो असा फटका.

महिन्याभराने ती चित्रकार मुलगी पँट आखूड करायला आली. दुसरीकडे मुलाखत होती तिची. गोगल्या सूत आणायला गेला होता. मी तिच्या पायाशी बसून टाचण्या लावत होते आणि ती वरून बोलत होती.

"त्यांच्यावर आमचा राग नाही हं," ती म्हणाली. "सांगा त्यांना. त्यांनी स्वतःहून सगळं कबूल केलं ना."

"काय कबूल केलं?" मी खाली बघूनच विचारलं.

मग तिने सांगितलं. गेम आपटल्यावर कॅप्टन त्याची वही घेऊन बसला होता. आपलं कुठे चुकलं ते सापडत नव्हतं, कारण वहीत तर सहा, आठ, नऊ. तेव्हा गोगल्या म्हणाला की सोमवारचा माझा पहिला प्रयत्न कधीच पहिला नव्हता. मी घरी सराव करून यायचो. खरे आकडे शंभराच्या, दोनशेच्या वर आहेत. कॅप्टनने विचारलं, असं का केलंत, कोणी सांगितलं होतं का? तर हा म्हणाला, कोणी नाही, माझ्याच डोक्यातून आलं.

"पण आम्ही त्यांना घेतलंच होतं ते त्यांचा हात सावकाश चालतो म्हणून," मुलगी म्हणाली. "पडदे लावायला आले त्या दिवशीच कॅप्टन मला म्हणाला होता की हा माणूस सोडायचा नाही. झटपट खेळणारे आम्हाला पन्नास मिळाले असते. ह्यांना जमलं की सगळ्यांना जमणार, म्हणून तर तो वहीवर डोळे मिटून विश्वास ठेवत होता. पहिल्या आठवड्यात चौसष्ट लिहिले होते ना, तेव्हा तो इतका खूश झाला होता. आपण हे त्यांना सांगायला हवं होतं, असं अजून म्हणत असतो. पण तुम्ही सावकाश आहात म्हणून घेतलं, हे मोठ्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं?"

मी टाचणी कापडातून काढली आणि परत त्याच जागी लावली. हे सगळं मी करायला लावलं, असं तिला सांगायचं तोंडापर्यंत आलं होतं. सांगितलं नाही. पँट उद्या न्या, म्हटलं.

गोगल्या आला, सूत ठेवलं, शर्ट मांडीवर घेतला. मी दार लोटून घेतलं.

"ती मुलगी येऊन गेली. कॅप्टनपुढे माझं नाव का नाही घेतलंस?" मी विचारलं.

त्याने आधी सुईत दोरा ओवला. मी थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच थांबले असेन.

"तू माझ्या भल्यासाठीच सांगितलंस ना, ताई," तो म्हणाला. "आणि तुला काय ठाऊक असणार, त्यांना मी असाच हवा होतो ते. मलासुद्धा कॅप्टनने शेवटी सांगितलं. आधी सांगितलं असतं तरी मलाच पटलं नसतं."

मग तो बटण लावायला लागला. मी त्याला रागावू शकले नाही आणि जवळही घेऊ शकले नाही. तेहतीस वर्षं मी ह्या माणसाला लवकर कर, लवकर कर म्हणत आले. एकाच दारात त्याला तो होता तसा हवा असलेली माणसं भेटली होती, आणि तिथे मी त्याला दुसरंच कोणीतरी करून पाठवलं. त्या दिवशी त्याला एका शर्टाला संध्याकाळ झाली. गिऱ्हाईक बाहेर उभं होतं. मी त्यांना खुर्ची दिली आणि म्हटलं, वेळ लागेल, बसा.