बारा खुंट्यांवरचे बारा कप

उमरखेडला आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच ऑफिस होतं. एक टेबल, दोन बाकं, बिल्ट्यांची, म्हणजे मालाच्या पावत्यांची, पुस्तकं आणि भिंतीवर लक्ष्मीचं कॅलेंडर. गावातल्या जीनमध्ये कापसाच्या गाठी बांधल्या जात, त्या ट्रकांवर चढवून धामणगावच्या रेल्वेपर्यंत पोचवायची जबाबदारी आमच्या ह्यांची. स्वतःचा ट्रक एकही नाही. गाड्या एकाच्या, माल दुसऱ्याचा, आणि बोलणी तेवढी आमच्या वाट्याची.

हे माणूस म्हणून सोन्यासारखे, पण 'नाही' म्हणायला जीभ वळायची नाही. एकाच भरतीचा शब्द तिघांना देऊन मोकळे व्हायचे. सकाळी तिघंही गाड्या घेऊन दारात. मग ज्याचा आवाज मोठा त्याची गाडी आधी भरायची, उरलेले दोघं फणफणत दुसऱ्या कोणाचा माल धरून निघून जायचे. एका दिवशी सात गाड्या नुसत्या उभ्या, दुसऱ्या दिवशी औषधालाही नाही. जीनचा मॅनेजर येऊन विचारायचा, "गाठी काय उन्हात वाळत घातल्या काय?" त्यावरही हे हसून मान डोलवायचे.

मी यवतमाळच्या कचेरीतल्या हेडक्लार्कची मुलगी. आमच्याकडे दारात आलेल्या भाजीवाल्यांनासुद्धा बाबा रांगेत उभं करत. मला हा रोजचा पंक्तिप्रपंच बघवेना. पंगतीत जो आधी बसला त्याच्या पानावर आधी वाढायचं, एवढी साधी गोष्ट. त्यात भांडायचं काय?

एवीतेवी सगळ्यांना चहा लागायचाच. मी बाजारातून निळ्या काठाचे पांढरे इनॅमलचे डझनभर कप आणले आणि ओसरीच्या भिंतीत बारा खुंट्या ठोकून घेतल्या. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या गाड्या बाराच होत्या. बऱ्याच ड्रायव्हरांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकाच्या कपावर ऑइलपेंटने खूण काढली. कोणाला मोर, कोणाला विंचू, कोणाला आंबा. आल्याबरोबर आपला कप पुढच्या रिकाम्या खुंटीला अडकवायचा. खुंटीच्या क्रमाने गाडी भरायची. भरती झाली की चहा प्यायचा, रांजणाजवळ कप विसळून ठेवायचा आणि निघायचं. वचन द्यायचं काम ह्यांच्याकडून काढूनच घेतलं. कोणी मागे लागलं की हे आनंदाने म्हणायचे, "मला काय विचारता, खुंटीला विचारा." चार दिवसांत भांडणं थांबली, आणि मी स्वतःवर इतकी खूश झाले की माहेरी चार पानी पत्र लिहिलं.

त्या बारांतले दोघं मला अजून डोळ्यांपुढे दिसतात. एक जवळच्या तांड्यावरचा बंजारा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायचे. ट्रक पंक्चर झाला की तो म्हणायचा, "आमच्या आजाचा बैल कधी पंक्चर नाही झाला." माझ्या चहाला नाव ठेवल्याशिवाय त्याचा दिवस जायचा नाही. "बाई, साखर टाकली का नुसती दाखवली?" असं रोज विचारायचा.

दुसरा फौजेत गाडी चालवायला शिकून आलेला. लष्कराच्या लिलावातला जुना ट्रक त्याने स्वतः खोलून, जोडून चालता केला होता. खाकी सदरा इस्त्रीचा, बोलणं मोजकं. सांगितलेली वेळ त्याने कधी चुकवली नाही. ज्या दिवशी एकही गाडी नसायची त्या दिवशी हे म्हणायचे, "थांब, आपला फौजी येईल," आणि तो यायचा. चहा कसाही असो, त्याने कधी चकार शब्द काढला नाही. मला त्याचं ते गप्प राहणं फार सभ्यपणाचं वाटायचं.

कप वाटले तेव्हा तो धामणगावला होता. चौथ्या दिवशी सकाळी आला. मी मोठ्या हौसेने त्याचा कप पुढे केला. त्यावर मी चांदणी काढली होती, इतरांपेक्षा जरा जास्तच मन लावून. त्याने ओसरीवरच्या खुंट्या पाहिल्या. रांजणाजवळ दोघं आपापले कप विसळत होते, ते पाहिलं. मग हात मागे घेतले.

"चहा नको, बाई," म्हणाला. गाडी सुरू केली आणि रिकामीच घेऊन गेला.

आठ दिवस झाले, बारा झाले, तो काही फिरकला नाही. महागावहून कोणा व्यापाऱ्याची सरकी वाहतो असं कळलं. आमच्याच रस्त्यावरून त्याची गाडी जायची, हॉर्न ओळखू यायचा, पण थांबायची नाही. मला संताप आला. मी बंजाऱ्यासमोर तोंड सोडलं. एवढी मिजास कसली, चहाच्या कपावरून कोणी काम सोडतं का, वगैरे वगैरे. त्याने मला बोलू दिलं. मग बाकावरून उठून ओसरीच्या कडेला बसला.

"बाई, तुमी कायले रागावता? त्याच्या बापानं जलमभर लोकाईच्या दारी भायेरच्या खुंटीवरचा कप पेला. सोताच उतरवाचा, सोताच धुवाचा, अन् पुन्हा सोताच लटकवाचा. नागपूरले जाऊन आल्यापासून यानं ते समदं सोडलं, देव बी सोडले. अन् तुमी त्याच्या हातात भायेरच्या खुंटीचा कप देल्ला. बाकीचे अकरा कप त्याले कायले दिसतीन?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या माहेरी परसातल्या भिंतीला असाच एक कप होता, कान तुटलेला. लग्न होईपर्यंत मी तो रोज पाहत होते, पण तो तिथे का आहे हे कधी कोणाला विचारलं नाही. शिकलेली म्हणवणारी मी, आणि तीच खुंटी मी इथे येऊन बारा वेळा ठोकली होती.

"मी जाऊन माफी मागते," मी म्हणाले.

"मांगा. तो 'बरं बाई' म्हनन. मंग? कप तर तिथंच हाये."

बंजाऱ्याचं म्हणणं मला पटलं. दुसऱ्या दिवशी मी रॉकेलची चिंधी घेऊन बसले आणि मोर, विंचू, आंबा सगळे पुसून काढले. चांदणी पुसताना सगळ्यांत जास्त वेळ लागला. मग कपांवर एक ते बारा आकडे घातले. खुंट्या ओसरीवरून उपटून आत ऑफिसच्या भिंतीत मारल्या, लक्ष्मीच्या कॅलेंडरखाली. आता कोणताच कप कोणाचा नव्हता. जो येईल त्याने पाळीचा कप घ्यायचा, बारानंतर पुन्हा एक. चहा लगेच मिळणार, आणि कपावरचा आकडा तोच गाडीचा नंबर. भरती झाली की कप माझ्याकडे. विसळणार मी. घरातल्या कपबश्या मी फळीवर चढवल्या, आम्ही दोघंही त्याच बारांतला मोकळा कप घ्यायला लागलो, आणि चहा संपला की तो लगेच विसळून खुंटीला लावायला लागलो, म्हणजे नंबर चुकायला नको.

सगळ्यांना हे गोड लागलं असं नाही. एक ड्रायव्हर घरून पितळी पेला घेऊन आला. मी म्हटलं, "पेल्यावर आकडा नाही, तेव्हा तुमचा नंबर लागत नाही." तो दुपारपर्यंत फुगून बसला. त्याच्यामागून आलेल्या तीन गाड्या भरून गेल्या, तेव्हा मुकाट्याने उठून त्याने नववा कप काढला. त्या दिवशी बंजारा इतका हसला की त्याला ठसका लागला.

आणि गंमत म्हणजे ही रीत पहिलीपेक्षा सरस निघाली. किती गाड्या थांबल्यात हे भिंतच सांगायची. पाच खुंट्या रिकाम्या दिसल्या की पाच गाड्या उभ्या. जीनचा मॅनेजर जाता-येता खिडकीतून डोकावून खुंट्या मोजायचा आणि तेवढेच हमाल लावायचा. उन्हात गाठी पडेनाशा झाल्या. पण माझं लक्ष रस्त्यावरच्या हॉर्नकडे असायचं. बंजाऱ्याबरोबर मी निरोप पाठवला होता. त्यात माफी होती, आणि खुंट्या आत घेतल्या एवढंच पुढे सांगितलं होतं.

आठवड्याने एका सकाळी हॉर्न वाजला आणि गाडी थांबली.

तो उंबऱ्याशी उभा राहिला. भिंतीकडे पाहिलं. हे टेबलाशी बसून दुसऱ्या नंबरच्या कपातून चहा पीत होते, तेही पाहिलं. माझ्या हातात चहाची किटली होती आणि ती जड झाली होती, तरी मी खाली ठेवली नाही. पाळी सातव्या कपाची होती. त्याने तो खुंटीवरून काढला आणि माझ्यापुढे धरला. मी चहा ओतला. तो बाकावर बसून प्यायला. 

गाडी भरून झाली. बिल्टी खिशात घालून, हातात रिकामा कप घेऊन तो निघाला, तो थेट रांजणाकडे. मी हात पुढे केला.

"तो इकडे द्या."

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. मग कप दिला. मी तो त्याच्यासमोरच विसळला आणि सातव्या खुंटीला अडकवला. तो गाडीकडे गेला, पायरीवर एक पाय ठेवला आणि मागे वळला.

"बाई, एक सांगू काय?"

"सांगा."

"चहात साखर लय कमी असते तुमच्या. पयल्यापासून."

बाकावरून बंजारा ओरडला, "मी वर्षभरापासून हेच सांगून राह्यलो, माहं कोनी आयकलं का?"

मला हसू आवरेना, आणि डोळे का भरून आले हे ह्यांना कळेना. एवढ्या दिवसांत त्या माणसाने आमच्या घरी प्रथमच काहीतरी मागितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी चहात दोन मुठी साखर जास्त टाकायला लागले.