टाकीवरची रेंज

"हा फोन जाळा आधी, मग माझी तक्रार लिवा!"

ठाणे अंमलदाराच्या टेबलावर फोन आपटून एक बाप ओरडत होता. आवाज असा, की तिकडं लेण्याद्रीतली वटवाघळं भरदुपारी उडाली असतील. फौजदारकीतून निवृत्त झाल्यावर माझे कान अर्धे गेले, पण ती दुपार अजून ऐकू येते.

माणूस मढ गावाच्या वर, डोंगरातल्या एका वाडीतला, भात-नाचणी पिकवणारा. त्याची तेरा वर्षांची मुलगी दहा दिवस शाळेत गेली नव्हती, घरात कुणाशी बोलत नव्हती, फोन दिसला की आत पळायची. 'सोळा वर्षांचा मुलगा' म्हणून कुणीतरी फोनवरून तिच्याशी मैत्री केली होती. आधी गोड बोलणं, मग फोटोची मागणी, मग ते फोटो वाडीभर पाठवीन ही धमकी. बापानं अब्रूच्या भीतीनं ठाण्यात येण्याआधी सगळे मेसेज पुसून टाकले. पुरावा स्वच्छ धुऊन आणला होता! मी शिव्या गिळल्या. बाप हेच करतात.

महिला उपनिरीक्षकांनी साध्या कपड्यांत घरी जाऊन जबाब घेतला. त्यातून कळलं, वाडीत रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीवर. पोर तिथंच जाऊन बसायची.

पोक्सोखाली गुन्हा नोंदवला. फोनमध्ये उरलेल्या नंबरावरून सायबर शाखेनं त्याचा मालक शोधला: आंबेगाव तालुक्यातला चाळिशीचा गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, स्वतः दोन मुलींचा बाप. म्हणाला, सिम कधीच हरवलंय आणि त्या वाडीचं नावसुद्धा ऐकलेलं नाही. दोन तास हेच पालुपद.

मग मी महाराष्ट्रातला सगळ्यात बावळट फौजदार झालो. ते सोंग मला वर्दीपेक्षा चांगलं बसायचं. चहा मागवला आणि रडगाणं लावलं, "राव, तुमच्यापायी त्या वाडीत तंगडतोड झाली. बायकोला फोन लावायला सगळा डोंगर हिंडलो, रेंजच नाय."

"टाकीवर चढायचं ना, साहेब," तो म्हणाला.

कप त्याच्या हातात तसाच राहिला. संध्याकाळच्या आत पंचांसमक्ष घरझडती झाली आणि भाताच्या कणगीत दुसरा फोन सापडला. त्यात आणखी मुली होत्या. पंचनामा लिहिणारा हवालदार, वीस वर्षांचा मुरलेला गडी, मध्येच पेन ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला.

आरोपी कोठडीत गेल्यावर मी वाडीवर गेलो. खोटं कशाला बोलू, थोडी बढाईच मारायची होती. आरोपी सापडला की दुखणं संपलं, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. मुलगी ओसरीवर तांदूळ निवडत होती. बाप खाली मान घालून शेजारी बसला होता. मी म्हणालो, "बाळ, तो आत गेला. आता तुला कुणी त्रास देणार नाही. उद्यापासून शाळेत जा."

तिनं वर पाहिलं नाही. एक खडा बाजूला टाकला.

"जेवलीस का, हे मला फक्त तोच विचारायचा," ती म्हणाली.